शांताक्काची कानडी साक्ष

आधीच सांगून ठेवते. खाली प्रतिक्रियांमध्ये 'ताई, एखादी शांती करून घ्या' असं लिहायला कुणाचे हात शिवशिवत असतील तर कृपा करा, नका लिहू. मी असलं काही मानत नाही. अंगात येणं, वारं येणं, भानामती... आमच्या निपाणीकडे हे सगळं पैशाला पासरी. लहानपणी शेजारच्या काकूंच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढ्यात जाऊन बसायचे आणि विचारायचे, "देवी, गणिताच्या पेपरात काय येणार ते सांग की!" मग आईचा मार खायचे. अशी मी. आजही तशीच आहे. म्हणून तर हे लिहायला घेऊन चारदा पुसून टाकलं.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बेंगळूरला शिवाजीनगरात आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. ज्यांच्या बाबतीत गुन्हा घडलाय किंवा ज्यांनी तो पाहिलाय, अशा लोकांना कोर्टात साक्षीच्या दिवसापर्यंत सांभाळून न्यायचं, हे आमचं काम. म्हणजे काय, तर आदल्या दिवशी कोर्टाची रिकामी खोली दाखवायची. जज कुठे बसतात, तुम्ही कुठे उभं राहायचं, आरोपी कुठे असेल. तिकडे बघायचं नाही. तहान लागली तर पाणी मागायचं. प्रश्न कळला नाही तर 'कळला नाही' म्हणायचं. केसबद्दल मात्र एक शब्द पढवायचा नाही, तो गुन्हा आहे. आम्ही फक्त सोबतीला. अकरा वर्षं हेच करतेय. किती बायका त्या कठड्याला धरून थरथरताना पाहिल्या, हिशेब नाही.

तर शांताक्का. खानापूरच्या पलीकडे, जंगलातल्या गावची बाई. वय पन्नास-पंचावन्न. तिची एकुलती एक मुलगी सविता लग्न होऊन इथे के. आर. पुरमला आली होती, शिवाजीनगरात एका टेलरकडे ब्लाउज शिवायची. आठ वर्षं संसार केला. एक मुलगी झाली, अनु. आणि एके दिवशी सविता स्वयंपाकघरात जळाली. नवरा म्हणाला, स्टोव्हचा भडका उडाला. सविता हॉस्पिटलात दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी आई गावाहून पोचली, तेव्हा ती आईला म्हणाली, "आई, त्यानंच पेटवलं." मॅजिस्ट्रेट जबाब घ्यायला येईपर्यंत ती बोलायच्या पलीकडे गेली होती. म्हणजे सगळ्या खटल्यात जावयाविरुद्ध पुरावा काय, तर या बाईच्या कानात पडलेलं ते एक वाक्य. बस्स. जावई जामिनावर बाहेर होता. अनु तेवढी आजीकडे, गावाला. जावई सुटला की पोर घेऊन जाणार, हे त्यानं निरोप पाठवून दोनदा कळवलं होतं.

"बाई, पोरगी तर गेलीच," शांताक्का मला म्हणायची. "आता नात तरी त्या घरात जाऊ देऊ नका वो."

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ती सविताचं नाव घ्यायची नाही. 'माझी पोरगी', 'ती', 'आमच्या अनुची आई'... नाव नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. नाव घेतलं की ती आत कुठेतरी हलते, असं काहीसं म्हणाली होती. मी ऐकून सोडून दिलं.

आता माझी चूक. लाजिरवाणी आहे, पण सांगते. आम्ही सीमाभागातली माणसं. घरात मराठी, बाजारात कानडी, भांडताना जी आधी तोंडात येईल ती. पोलिसांनी शांताक्काचा जबाब कानडीत लिहिला होता. बेळगावकडचा एक हवालदार होता, त्यानं मराठीत विचारलं आणि कानडीत उतरवलं, हे मला फार नंतर कळलं. कागदावर साक्षीदाराची भाषा म्हणून पडलं — कन्नड. मी तो कागद दहा वेळा वाचला असेल. मी तिच्याशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोलत होते. बेळगाव जिल्ह्यातली बाई आहे, कानडी येतच असणार, हे मी इतकं धरून चालले होते की एकदाही विचारलं नाही. माझ्या जागी पुण्या-मुंबईची एखादी असती तर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं. मी नाही विचारलं! दुभाष्यासाठी अर्ज करायला हवा होता, तो केलाच नाही.

साक्षीच्या दिवशी सकाळी जजसाहेबांनी विचारलं, "निम्म हेसरेनु?" नाव काय तुमचं. इतकं साधं. शांताक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणायलेत वो?"



मी उठून म्हटलं, मी दुभाषी म्हणून बोलते. आरोपीचे वकील ताडकन उठले. या बाई संस्थेच्या, साक्षीदाराच्या बाजूच्या, यांनी भाषांतर केलेलं आम्हाला मान्य नाही. बरोबरच होतं त्यांचं. आणि वर म्हणाले की, ज्या बाईला कानडीचा एक शब्द येत नाही, तिचा पोलिसातला कानडी जबाब तिचा कसा? सरकारी वकील मॅडमनी माझ्याकडे जे पाहिलं ना... जजसाहेब चांगले होते, पण तारखांवर तारखा झाल्या होत्या. धमक्यांमुळे शांताक्का आधी दोनदा येऊ शकली नव्हती. ते म्हणाले, जेवणानंतर तीन वाजता पुन्हा पुकारा होईल. दोन्ही बाजूंना चालेल असा दुभाषी आणा. नाहीतर या साक्षीदाराशिवाय पुढे जाऊ.

या साक्षीदाराशिवाय पुढे म्हणजे जावई सुटला. म्हणजे अनु त्याच्या घरात.

मग तीन तास मी काय काय केलं ते माझं मला माहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं. दोन्ही भाषा येणारी मी तिथेच उभी आणि दुभाषी शोधत गावभर फोन! बेळगावचे एक वकील ओळखीचे होते, ते नेमके धारवाडला. मराठी मंडळातल्या एका काकांना फोन लावला, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. बेळ्ळंदूरला आयटीत असलेला पुण्याचा एक मुलगा आमच्याकडे कधीकधी मदतीला येतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी लगेच निघतो, पण माझं कन्नडा म्हणजे स्वल्प-स्वल्प. ऑटोवाल्याशी भांडण्यापुरतं. कोर्टात चालेल?" बिचारा! मी रडायच्या बेतात होते आणि मला हसू आलं. शेवटी एक नोटरी भेटले, मूळचे चिकोडीचे, दोन्ही भाषा येणारे. हो म्हणाले, पण सव्वातीनशिवाय मोकळे होणार नव्हते. देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, आणि माझ्याकडे तर देवही नाहीत.

शांताक्का व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. समोरच्या बाकावर जावई, त्याची आई आणि त्यांची माणसं. ती सासू आमच्याकडे बघून चक्क हसत होती. शांताक्काचे हात बर्फ झाले होते. मी तिचे हात चोळले आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. म्हटलं, "शांताक्का, घाबरायचं नाही. जिच्यासाठी आलात तिला मनात हाक मारा. ती शेजारी उभी आहे असं समजा."

"नाव घेऊन?"

"हो, नाव घेऊनच मारा."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले. आवाज काही आला नाही.

तीन वाजता शिपायानं दारात येऊन नाव तीनदा पुकारलं. नोटरींचा पत्ता नव्हता. मी सरकारी वकील मॅडमच्या कानाशी लागून म्हटलं, दहा मिनिटं मागून घ्या. तेवढ्यात शांताक्का चालत गेली आणि कठड्यात उभी राहिली. सकाळी तिला धरून न्यावं लागलं होतं. आता पदर खांद्यावर ओढून, सरळ. शिपाई कानडीत शपथ सांगायला लागला आणि ती त्याच्यामागून म्हणाली, "सत्यवन्ने हेळुत्तेने." खरं तेच सांगेन. स्पष्ट. अडखळली नाही.

मला वाटलं, ऐकून म्हटलं असेल. मॅडमनी विचारलं, राहता कुठे, मयत तुमची कोण. आणि तिनं उत्तरं दिली. कानडीत. आमच्या बेळगावी कानडीत नाही हो, ती मी कुठेही ओळखेन. बेंगळूरच्या कानडीत. भरभर, मध्येच 'टाइम', 'ड्यूटी' असे शब्द टाकत, वाक्याच्या शेवटी 'सार' लावत. वकिलांनी मध्ये काही चुकीचं म्हटलं की "हंगल्ल सार". तसं नाही सर. बोलताना उजव्या हाताचं बोट कठड्याच्या लाकडावर मागेपुढे फिरवत होती.

जजसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कन्नड चन्नागी बरुत्तल्ला!" चांगलं येतंय की कन्नड.

खरं सांगते, मला आधी भीती नाही वाटली. मला राग आला. तळपायाची आग मस्तकात गेली! अगं बये, येत होतं तर सकाळी बोलायला काय झालं होतं? तीन तास मला उन्हातान्हात पळवलंस? आणि मग रागाच्या मागून आनंद आला. कारण साक्ष सुरेख चालली होती. हॉस्पिटलात मुलगी काय म्हणाली, कधी म्हणाली, शुद्धीवर होती का. एकेक उत्तर चोख. मॅडमचा चेहरा उजळला. मी मनात म्हटलं, अनु वाचली.

उलटतपासणीला आरोपीचे वकील उठले. मुरलेला माणूस. गोड आवाजात सुरुवात केली. घटनेच्या दिवशी तुम्ही खानापूरजवळच्या गावी होता, हे खरं ना?

तिनं मान हलवली. "हंगल्ल सार," ती म्हणाली. "अम्म ऊरल्लिद्रु. नानु मनेल्लिद्दे."

आई गावाला होती. मी घरी होते.

 टायपिस्टनं मान वर केली. वकील क्षणभर गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं की हातात काय सापडलंय. कुठल्या घरी? के. आर. पुरमच्या, ती म्हणाली. स्वयंपाकघरात. भात लावला होता. अनु बाहेर खेळत होती. तो आत आला, डबा त्याच्याच हातात होता. मी दाराकडे पळाले, दार उघडेना. बाहेरून कडी लागली होती. अत्तेनं लावली. सासूनं. फटीतून तिची हिरवी साडी दिसत होती.

सासूचं नाव या खटल्यात कुठेच नव्हतं. आरोपपत्रात नाही, पोलिसांच्या जबाबात नाही. सवितानं हॉस्पिटलात असं काही सांगितल्याचं शांताक्का मला कधी म्हणाली नव्हती. मागच्या बाकावर बसलेल्या सासूकडे मी वळून पाहिलं. तिचं हसू गेलं होतं. तिनं सविताच्या नवऱ्याचा... म्हणजे आपल्या मुलाचा दंड घट्ट धरला होता.

मी उभी राहिले. मला ओरडायचं होतं — थांबा, असं नका बोलू, 'तिनं सांगितलं' म्हणा, 'मी' म्हणू नका! पण आम्हाला बोलता येत नाही. एक शब्द बोलले असते तर पढवलेली साक्ष म्हणून सगळंच गेलं असतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि बसले. वकील एकेक वाक्य जजसाहेबांना टिपून घ्यायला लावत होते. मी हजर होते. मी पाहिलं. मला ओढलं. पाचशे किलोमीटर लांब गावी असलेल्या बाईच्या तोंडून. मॅडमनी डोकं हातात धरलं होतं. वकिलांनी शेवटी हसून म्हटलं, माझे प्रश्न संपले.

मॅडमनी सावरायचा प्रयत्न केला. विचारलं, हे तुम्ही मुलीनं सांगितलेलं सांगताय ना? शांताक्कानं उत्तर दिलं नाही. जबाब तिला वाचून दाखवला, कानडीत. शाईचं पॅड पुढे आलं, अंगठा उठला. मी तिला धरून बाहेर आणलं. बाकावर बसवलं. तिनं शाई लागलेला अंगठा निरखून पाहिला आणि मला विचारलं, "बाई, आला काय वो तो भाषा सांगणारा? माझी पाळी कवा येणार?"

मी त्या व्हरांड्यात हंबरडा फोडून रडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नका. म्या सांगतो की सगळं. घाबरत न्हाई आता." चिकोडीचे नोटरी तेव्हा पोचले, धापा टाकत.

तिला पुन्हा बोलवावं म्हणून अर्ज केला, फेटाळला गेला. काही महिन्यांनी निकाल लागला. साक्षीदार स्वतः घटनास्थळी असल्याचा उघड खोटा दावा करते, मुलीच्या सासूलाही सुडापोटी गोवू पाहते, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. आरोपी निर्दोष. जजसाहेबांना मी दोष देत नाही. कागदावर दुसरं काय दिसणार होतं? पुढच्या आठवड्यात जावई गाडी घेऊन खानापूरला गेला आणि अनुला घेऊन आला. कायद्यानं बाप तोच.

तर आता स्पष्टीकरणं. तुम्ही द्याल त्या आधी मीच देते. तिला कानडी येत होतं, लपवलं? मी तिच्या गावाला दोनदा जाऊन आले. शेजारच्या गावात बसच्या मास्तरकडे साधं 'नीरु' म्हणून पाणी मागता येत नाही तिला. लहानपणी ऐकलेलं ताणाखाली वर आलं? आमच्या ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, असं होऊ शकतं. सरी, मान्य. मग बेंगळूरचं कसं आलं? सविता जिथे काम करायची त्या टेलरकडे मी गेले. तिथल्या मशीनवरच्या बाईला ते बोलणं जसंच्या तसं करून दाखवलं, बोट लाकडावर फिरवत, "हंगल्ल सार". तिनं मशीन थांबवलं. म्हणाली, "ऐसा तो अपनी सविता करती थी. कपडे की सिलाई देखती थी ना, उंगली से."

आणि कडी. के. आर. पुरमच्या त्या घराशेजारी एक बाई राहते. चार खेपा घातल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं. म्हातारीला कडी काढताना तिनं पाहिलं होतं. हिरवी साडी होती. "पण मी कोर्टात येणार नाही अक्का, मला इथेच राहायचंय." मी पाया पडले तिच्या. खरंच पडले. नाही आली.

म्हणजे त्या दिवशी कठड्यात जे बोललं गेलं ते सगळं खरं होतं. शब्दन् शब्द. आणि त्यानंच केस गेली. ती आली असेल — बघा, मीच लिहितेय 'आली असेल' — तर तिला कुणी सांगितलं नव्हतं की 'मी' म्हणायचं नाही. कोर्टात कसं उभं राहायचं, कसं बोलायचं ते साक्षीदाराला सांगायचं काम माझं. आणि हाक मारायलाही मीच सांगितलं होतं. याचा मी रोज विचार करते.  अनुचा विचार तर मी करूच शकत नाही.

तुम्ही कानडीत बोललात, अगदी सवितासारखं, हे मी शांताक्काला निकालानंतर सांगितलं. काय बोललात ते नाही सांगितलं. पुराव्याअभावी सुटला, एवढंच म्हटलं.  ती म्हणाली, "तिच्यावानी बोलले म्हणता? मग ते कागदावर असंल की. वाचून दाखवा."

तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतो, बहुतेक दुपारी, शेजारणीच्या मोबाईलवरून. मी जबाबाची नक्कल काढते आणि वाचते. कानडीत. तिला त्यातलं अक्षर कळत नाही. मध्येच मी हळू झाले तर म्हणते, "भरभर वाचा बाई. ती भरभर बोलायची."

परवा एका वाक्यापाशी तिनं मला थांबवलं. 'अम्म' हा शब्द ओळखला असावा. विचारलं, "ह्यात काय म्हणती ती? माझं काय म्हणती?"

मी सांगितलं, "आई गावाला होती, असं म्हणते."



"व्हय बाई," ती म्हणाली. "गावालाच होते मी."